फादर अमेरिकेहून परत आले

वेस्टपोर्टजवळ, काउंटी मेयो, आयर्लंड
ऑगस्टची अखेर

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे. फोनवर मुद्द्याचं काही बोलायला घेतलं की आई ‘जेवलीस का’वर येते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन वाडीत निघून जातात, म्हणून यावेळी पत्रच लिहायला बसले. लांबलचक झालंय, सावकाश वाचा.

आमचे फादर अमेरिकेहून परत आले. तेच, ज्यांचा नाताळातला फोटो बघून आई म्हणाली होती, “यांना कुणी पोटभर जेवायला घालतं की नाही?” महिनाभर गेले होते. आल्यावर पहिल्या शुक्रवारी नेहमीसारखे आमच्या नर्सिंग होममध्ये कम्युनियन द्यायला आले आणि ते आटोपल्यावर स्टाफच्या खोलीत चहाला बसले, ते उठेचनात. माझी ड्युटी संपली होती. मीही बसले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळवायचं आहे, कारण त्यात मला तुम्ही दोघं दिसत होतात.

फादर मूळचे अचिलचे. अचिल म्हणजे मेयोच्या पश्चिम टोकाचं बेट. बेट म्हणायचं, पण १८८७ पासून पूल आहे, गाडी थेट जाते. डोंगर, दलदल, समुद्र आणि कायमचा वारा. शेती नावापुरती. तिथल्या माणसाने पोटासाठी बाहेर पडायचं हे ठरलेलंच असायचं. हंगामापुरतं जायचं तर स्कॉटलंडला बटाटे काढायला, आणि कायमचं जायचं तर अमेरिकेला. त्यातही अचिलची माणसं ओहायोतल्या क्लीव्हलँडला जास्त. मोठ्या दुष्काळानंतर कुणीतरी आधी तिथे पोचले, गोदीत लोखंडाचं खनिज उतरवायच्या कामाला लागले, त्यांनी भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. आता ही दोन्ही जुळी गावं म्हणून जाहीर झाली आहेत. फादर म्हणतात, लहानपणी त्यांना डब्लिन कुठल्या दिशेला आहे ते सांगता आलं नसतं, पण क्लीव्हलँडमधल्या रस्त्यांची नावं पाठ होती.

मी सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन जाते तो रस्ता तुम्हाला फोटोत आवडला होता ना, समुद्राच्या कडेकडेने जाणारा? ४२ किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे वेस्टपोर्ट ते अचिल या बंद पडलेल्या रेल्वेची वाट आहे. त्या रेल्वेची हकिगत मला यांच्याकडूनच कळली. १८९४ च्या जूनमध्ये अचिलची तरुण मुलं-मुली स्कॉटलंडची आगबोट पकडायला होडीतून वेस्टपोर्टच्या धक्क्याकडे निघाली होती. आगबोट दिसली तशी सगळी बघायला एका बाजूला गेली, होडी कलंडली. ३२ जण बुडाले. रेल्वेचं काम संपत आलं होतं पण गाड्या सुरू झाल्या नव्हत्या; अचिलला गेलेली पहिली गाडी ती प्रेतं घेऊन गेली. पुढे १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक इथे बटाटे काढायला गेलेली अचिलची १० पोरं, त्यातलं सगळ्यात लहान १३ वर्षांचं, झोपायच्या खोपटाला आग लागून मरण पावली. रेल्वे तेव्हा बंद व्हायच्या बेतात होती. त्यांनाही तिनेच घरी आणलं. आता त्या वाटेवर पर्यटक भाड्याच्या सायकली घेऊन हसत-खिदळत फिरतात. मीही फिरते. फिरू नये असं नाही, पण ऐकल्यापासून त्या एका वळणावर पाय जरा हळू पडतो.

फादरांच्या घरी नऊ भावंडं. पाच अमेरिकेला गेली. पूर्वी इथे कुणी जायला निघालं की आदल्या रात्री घरी सगळं गाव जमायचं. चहा, पेय, गाणी, नाच, आणि पहाटे रडारड. मयताच्या आदल्या रात्री जागतात तसंच जागायचं, कारण गेलेला माणूस परत दिसेल याची खात्री नसायची. त्याला नावही ‘अमेरिकन वेक’ असंच होतं. फादरांच्या आजीने तिच्या दोन बहिणींना असं पोचवलं आणि पुन्हा एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या पिढीपर्यंत विमानं आली, त्यामुळे तेवढं टोकाचं राहिलं नाही. तरीपण भावंडं भेटायची ती मयतालाच. आई गेली तेव्हा भेटली, वडील गेले तेव्हा भेटली. मग एकेका भावंडाच्या वेळी, प्रत्येक वेळी एक कमी.

गेल्या जानेवारीत सगळ्यात थोरला भाऊ क्लीव्हलँडला वारला. इथे फादर एकटे तीन चर्च सांभाळतात. त्याच आठवड्यात दोन मयतं होती, तिकडे बर्फाचं वादळ; जाणं जमलं नाही. त्यांनी भावाच्या मयताची मिस्सा लॅपटॉपवर बघितली. आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर कॅमेरा आहे, परदेशी गेलेल्यांना इथली मयतं बघता यावीत म्हणून त्यांनीच कधीकाळी बसवून घेतलेला. “मी लोकांना सांगायचो, अगदी इथे असल्यासारखं वाटतं. कुणी मला खोटं पाडलं नाही, भली माणसं,” असं म्हणाले आणि चहात साखर घातली. ते चहात साखर घेत नाहीत.

पुढच्या वसंतात त्यांना ७५ पूर्ण होतात. त्या वयाला धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यायचा असा चर्चचा नियमच आहे, मग तो लगेच स्वीकारोत की ठेवून घेवोत. फादरांनी तेवढी वाट पाहिली नाही. क्लीव्हलँडला डब्लिनहून २०२३ पासून थेट विमान सुरू झालंय, त्याचं तिकीट काढलं. बदली धर्मगुरू मिळाले, बॅग भरली.

बॅगेची तर मिरवणूकच झाली. ज्याचं त्याचं कुणीतरी तिकडे. चहाच्या पेट्या (अमेरिकेतला चहा यांना पाणी वाटतो), टेटोच्या चिप्सची पाकिटं, घरचा ब्राउन ब्रेड, लोकरीचे मोजे, मयतांची छोटी स्मरणकार्डं. कुणीतरी सॉसेज आणून दिले, ते फादरांनी गुपचूप स्वतःच खाऊन टाकले, कारण मांसाचं काही तिकडे नेता येत नाही आणि अमेरिकेची इमिग्रेशन-कस्टम्सची तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच होते. इथेच धरले गेले असते तर संध्याकाळपर्यंत मेयोभर झालं असतं.

बदली म्हणून आलेले धर्मगुरू आपल्याकडचे, आंध्रचे. रोमला शिकतात, सुट्टीत इथे येऊन पॅरिश सांभाळतात. असे बरेच येतात हल्ली. पूर्वी आयर्लंड जगभर धर्मगुरू पाठवायचं, आता उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतेसुद्धा बाहेरून आणावे लागतात. आल्या दिवशी चर्चमधल्या बायकांनी मला कौतुकाने पुढे केलं, “आता तुम्ही तुमच्या भाषेत बोला!” आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इंग्रजीतच हसलो. पहिल्या रविवारी त्यांनी २० मिनिटं प्रवचन केलं. आई, आपल्याकडे २० मिनिटं म्हणजे प्रस्तावना. इथे माणसं मिस्सेला येतात तीच गाडीची चावी हातात धरून. तिसऱ्या रविवारी प्रवचन सहा मिनिटांवर आलं. मला वाईट वाटलं, कारण माणूस चांगलं बोलत होता.

आता क्लीव्हलँड. फादर तिथे पुतणीकडे उतरले. दुसरा भाऊ, वय ८१, तिच्याकडेच असतो. त्याची आठवण गेलेली आहे. फादरांना त्याने ओळखलं की नाही, हे फादरांनाही नक्की सांगता येत नाही. पण पहिल्या दिवशी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, “टर्फ आत आलं का?” टर्फ म्हणजे इथलं जळण, दलदलीतली माती विटांसारखी कापून, उन्हात वाळवून घरी आणतात. आपल्याकडे पावसाआधी लाकडं आणि सुकी मासळी भरून ठेवायचो, तशी ही थंडीची बेगमी. उन्हाळ्यात ते वेळेवर घरात आलं नाही तर वर्ष वाईट. फादर म्हणाले, “आलं.” दहा मिनिटांनी पुन्हा, “टर्फ आलं का?” “आलं, सगळं आलं. रचून ठेवलंय.” पुतणी मधे पडली. ती बिचारी रोज सांगत असते, बाबा, आपण ओहायोत आहोत, इथे गॅस आहे. अचिलचं ते घर कधीचं बंद आहे. पण फादर प्रत्येक वेळी आलं म्हणाले. दोन दिवसांनी भाऊ पुढचं विचारू लागला, काळ्या गाईचं, शेजाऱ्याच्या होडीचं. ही होडी कुणाची, गाय कुठली, हे त्या घरात फक्त फादरांनाच माहीत. बायकोला, मुलांना, कुणालाच नाही. दुपारभर दोघं तिथे बसायचे. बोलणं होतं थोडं, बसणंच जास्त.

आमच्याकडे विसरणाऱ्या आजी-आजोबांना कसं उत्तर द्यावं यावर कामावर आम्हाला ट्रेनिंग देतात, स्लाइड दाखवतात. त्यांना मी हे सांगायला हवं.

त्याच घरी एका जेवणाला पुतणीच्या मुलाने, कॉलेजला जाणाऱ्या पोराने, सगळ्यांसमोर फादरांना विचारलं, “तुआमचं काय?” बाबा, तुम्ही मला मागे विचारलं होतं की इतका श्रद्धाळू देश, आणि चर्च रिकामी का. त्याची कारणं बरीच आहेत, पण मोठं कारण हे. तुआम आमच्याच धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण. तिथे १९२५ ते १९६१ लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींसाठी सिस्टरांनी चालवलेला आश्रम होता. कॅथरिन कॉरलेस नावाच्या स्थानिक अभ्यासक बाईंनी तिथे दगावलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी शोधून काढल्या. मृत्यूची नोंद होती, पुरल्याची नव्हती. देश हादरला. टेबलावर सगळे गप्प. पुतणी पोराला डोळे दाखवायला लागली. फादर म्हणाले, त्याला बोलू दे. आणि त्यांनी त्याला सांगितलं की आम्हाला दिसत होतं तेवढंही आम्ही बघितलं नाही, आणि त्याला माझ्याकडे सबब नाही. पोराचं समाधान झालं नाही. होईल अशी फादरांची अपेक्षाही नव्हती. पण निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला तोच आला.

तिथून टेक्सासला, सॅन अँटोनिओला. तिथे थोरली बहीण, सिस्टर आहे, वय ८६. सतराव्या वर्षी गेली. त्या काळी सिस्टरांना घरी जायची परवानगी वर्षानुवर्षं मिळत नसे. आईच्या मयताला तिला येता आलं नाही. जुलैचं टेक्सास म्हणजे भट्टी. फादर लाल टोमॅटो होऊन आले, नाकाची साल अजून निघतेय. बहीण मात्र ठणठणीत. नाश्त्याला त्यांना टॅको खायला घातले आणि रोज संध्याकाळी पत्त्यांत हरवलं. ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणून इकडचा डाव आहे, तो ती तिथे म्हाताऱ्या मेक्सिकन सिस्टरांना शिकवून बसली आहे. फादरांचं म्हणणं, ती पत्ते लपवते.

आणि शेवटी न्यूयॉर्क, ब्रॉन्क्समधलं वुडलॉन. या जागी ते नातेवाइकांसाठी नाही, पॅरिशसाठी गेले. कटोना अव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, तिथे दुकानात इकडचंच सामान, पबमध्ये इकडचेच चेहरे, आणि रविवारी गेलिक पार्कात इकडचेच फुटबॉलचे सामने. (मेयोचा संघ १९५१ नंतर ऑल-आयर्लंड, म्हणजे या फुटबॉलची देशभराची स्पर्धा, जिंकलेला नाही. फॉक्सफर्डला मयत चाललेलं असताना विजयी खेळाडू गाडीतून ओरडत गेले, म्हणून तिथल्या फादरांनी शाप दिला असं लोक म्हणतात. आमचे फादर या विषयावर बोलत नाहीत, धंद्याची अडचण.)

माझ्या वॉर्डातल्या एका आजीचा मुलगा वुडलॉनला आहे. १९९९ च्या सुमारास गेला, बांधकामावर लागला, व्हिसा संपल्यावर तिथेच राहिला. अमेरिकेचा १९९६ चा कायदा असा आहे की वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस एकदा बाहेर पडला की १० वर्षं परत आत येऊ शकत नाही. बायको-मुलं तिथे, आई इथे. वडील गेले तेव्हा त्यानेही आमच्या चर्चचा तो कॅमेराच बघितला. फादर निघायच्या आधी आजीने मला उशीखालची पर्स काढायला लावली आणि त्यातून २० युरोची नोट त्यांच्या हातात कोंबली. “त्याला द्या. म्हणावं, एक पाइंट पी माझ्याकडून.” मुलगा आता पन्नाशीचा, दोन माणसं हाताखाली असलेला. तिथे डॉलर लागतात, हे तिला सांगायला आम्ही कुणी धजलो नाही.

मुलाने नोट घेतली, घडी घातली, पाकिटात ठेवली आणि फादरांना पबमध्ये नेऊन स्वतःच्या पैशाने पाजलं. मग विचारलं, आईचे केस कोण विंचरतं? फादरांना माहीत नव्हतं. ते परत आले आणि त्यांनी मला विचारलं. म्हटलं, सकाळच्या पाळीला असले तर मी विंचरते. मग त्यांनी तिथल्या तिथे फोन काढून त्याला तसं कळवलं, माझ्या नावानिशी. तेव्हापासून आजीचे केस विंचरताना माझा हात जरा जास्तच काळजीने चालतो.

फादर परतले ते रीक संडेच्या आधी. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिक चढायला हजारो लोक येतात, ७६४ मीटरचा निसरड्या दगडांचा डोंगर, काही जण अनवाणी. माथ्यावर मिस्सा होते. या वयात ते वर चढत नाहीत, पायथ्याशी थांबतात. पण त्या दिवशी नसते तर लोकांनी वर्षभर ऐकवलं असतं.

मी त्यांना विचारलं, एवढे पैसे, एवढी दगदग, ७४ व्या वर्षी, काय मिळालं? म्हणाले, “ज्या दोन भावंडांना भेटलो, त्यांच्यापैकी एकाच्याही घरात यावेळी फुलांचं चक्र नव्हतं.”

आता मुद्द्यावर येते. बाबा, तुम्ही गेल्या वेळी म्हणालात, एवढ्या लांब येऊन करायचं काय. काही करायचं नाही. मी कामावर जाईन, तुम्ही खिडकीत बसा. मे महिन्यात इथे रात्री साडेनऊला उजेड असतो, पाऊस असतो पण आपल्यासारखा धो धो नाही, पिरपिर. डोंगर चढायचा नाही, कुठलं स्थळ बघायचं नाही. नॉकच्या देवमातेला मात्र नेईन, आईने मला विचारायच्या आधीच सांगते. तुम्ही दर वर्षी २ नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला मला बोलावता आणि मला कधी रजा मिळत नाही. त्यापेक्षा मी तुम्हालाच बोलावते.

व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, तो मी इथून भरीन. कागद मुंबईला नेऊन द्यायचे. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे फेब्रुवारीत सुरुवात. त्याआधी बाबांचा पासपोर्ट नवा करून घ्या, त्याची मुदत संपत आली आहे आणि ते कपाटातल्या चॉकलेटच्या डब्यात ठेवून विसरलेत. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागेल. बोलावण्याचं पत्र मी पाठवते. थेट विमान नाही, आखातात बदलावं लागतं, पण व्हीलचेअर मी आधीच सांगून ठेवीन आणि बाबांनी तिच्यात बसायचं आहे. नाही म्हणायचं नाही. वाडीला पाणी घालायचं काकांशी बोलून घ्या. त्यांनी कुरकुर केली तर माझं नाव सांगा, त्यांच्या मुलीला इथे नोकरीचे कागद मीच पाठवले होते.

येताना सुकेळी आणा, भरपूर, वॉर्डात सगळ्यांना द्यायची आहेत. पेढे, खवा, दुधाचं काहीही नको, इथे आणू देत नाहीत. आणि आई, तुझं लोणचं जाड पिशवीत घालून बॅगेच्या मधोमध ठेव, बाबांच्या शर्टांत नको.

तुमची,
बाय